बशीत परत ठेवलेली शंकरपाळी

नेहाच्या आईने लेकीच्या हातातली शंकरपाळी काढून घेतली आणि माझ्या बशीत परत ठेवली.

"चल. तुला बरं नाहीये."

नेहा ठणठणीत होती. बूट काढून माझ्या मुलीशेजारी बसलीसुद्धा होती. पण तिच्या आईची नजर भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोवर गेली होती. आमच्या घरी ती पहिल्यांदाच येत होती.

लंडनच्या वेम्बलीतल्या आम्ही चौघी मराठी आया. मुलींना ग्रामर स्कूल, म्हणजे प्रवेशपरीक्षा घेऊन हुशार मुलं निवडणारी सरकारी शाळा, मिळावी म्हणून धडपडणाऱ्या. त्या परीक्षेत शाळेत न शिकवलेलंही येतं. म्हणून दर शनिवारी एकेकीच्या घरी क्लास. शिकवायची नेहाची आई, पूर्वीची शिक्षिका. जिच्या घरी क्लास, तिच्याकडे मुलींचं जेवण. त्या दिवशी माझा नंबर पहिल्यांदाच लागला होता.

तिने कळवलं असणार; बाकीच्या दोघी आल्याच नाहीत. पातेलंभर पुलाव तसाच राहिला.

"आई, नेहा का गेला? मी काय चूक केला?" लेकीने तिच्या लंडनी मराठीत विचारलं.

संध्याकाळी नेहाच्या आईचा फोन आला. "अहो, गैरसमज नको हं. मुलगी ब्राइट आहे तुमची. पाठवत जा तिला. फक्त क्लास तुमच्याकडे नको. आणि खरं सांगू? ग्रामरचं प्रेशर तिला झेपेल का? हे शेवटी घराण्यातच असावं लागतं."

शाळेत माझी मुलगी गणिताच्या टॉप सेटमध्ये, सगळ्यात वरच्या गटात. नेहा त्याखालच्या. बाईला हे पक्कं ठाऊक होतं.

नवरा म्हणाला, "शनिवारपुरता फोटो आत ठेवू या. सगळ्यांना आपल्याकडे बोलावू. क्लास सुटला तर पोरीचं नुकसान होईल गं."

त्याचा आवाज घाबरलेला. मला त्याची कीव आली, आणि संताप संताप झाला. गावच्या शाळेत माझ्या वडिलांना सगळ्यांच्या मागे, वेगळ्या बसकरावर बसवायचे. तेच मागचं बसकर आता लंडनमध्ये माझ्या लेकीसाठी अंथरलं होतं. आणि त्यावर आम्हीच तिला नेऊन बसवायचं?

मी नेहाच्या आईला फोन लावला. "मुलगी येणार नाही. कधीच नाही." एवढंच बोलले.

मग लेकीला जवळ घेतलं. चूक तिची नव्हती, हे सांगितलं. कोणाची होती आणि का, तेही सगळं सांगितलं. ती रडली. रडू दिलं.

पुढच्या शनिवारी तिला त्याच फोटोखाली बसवलं. गणितं माझ्याही डोक्यावरून जात होती. अडलो. खोडलं. पुन्हा मांडलं.

ग्रामर स्कूल तिला मिळेल, न मिळेल. फोटो उतरवून मिळणारी शाळा मला नको.