साकूया

आमच्या गेटपाशी बसणारं ते तांबूस कुत्रं हरवलं नव्हतं. मी त्याला कॉलेजात नेलं होतं. हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही, बायकोजवळ तर नाहीच.

आमच्या या कानडी शहरातलं नव्वदच्या दशकातलं जे. पी. नगर आता स्वप्नात पाहिल्यासारखं वाटतं. रिकाम्या प्लॉटांवर गवत, सकाळचं धुकं, आणि त्यातून येणारं पाणी घातलेल्या दुधासारखं पातळ ऊन. मी साताऱ्याकडून आलेलो, एका मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवायचो. बायको इथलीच. तिच्या माहेरची मराठी पिढ्यान्‌पिढ्या कानडीत भिजलेली. क्रियापद कानडी, शेपूट मराठी. मुलगीही तसंच बोलायची. मला अण्णा म्हणायची, आणि डब्यातली अर्धी चपाती त्या कुत्र्यासाठी परत आणायची.

मी तेव्हा एकोणिसाव्या शतकातल्या एका फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नादी लागलो होतो. तरुणपणी औषधांच्या दुकानात राबला, नाटककार व्हायला पॅरिसला गेला, आणि शेवटी दमट तळघरात प्राण्यांची शरीरं उघडत बसला. यकृत स्वतः साखर तयार करतं, हे त्यानं दाखवून दिलं. पण मला भुरळ पडली होती ती त्याच्या दुसऱ्याच कल्पनेची. आपल्या पेशी हवेत जगतच नाहीत. त्या आतल्या द्रवात जगतात, आणि बाहेर ऊन असो की थंडी, शरीर तो द्रव एकसारखा राखतं. बसस्टॉपवरच्या माणसांकडे बघताना मला वाटायचं, प्रत्येक जण आपापला कोमट समुद्र घेऊन उभा आहे.

एके दिवशी विद्यार्थ्यांना रक्तदाबाचा प्रयोग दाखवायचा होता आणि कॉलेजला कुत्रं मिळालेलं नव्हतं. सकाळी बायको चटणी वाटत होती. मिक्सर घरघरत होता.

"अगं, त्या गेटपाशीच्या कुत्र्याचं काय करायचं?"

"साकू..." पुढचं मिक्सरनं खाल्लं.

कानडीत साकु म्हणजे पुरे. पुरे झालं ते कुत्रं. मी गेटची कडी काढली, बिस्किट दाखवलं, आणि ते निमूट रिक्षात चढलं.

"सार, याचं हाफ टिकट की फुल?" रिक्षावाला हसला. कुत्र्यानं माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकली होती.

प्रयोगाआधी भूल देतात. त्या भुलीतून परत जागं करायचं नसतं. काजळी धरलेल्या कागदाचा ड्रम सावकाश फिरत होता आणि त्यावर रक्तदाबाच्या पांढऱ्या लाटा उमटत होत्या, समुद्र फार लांबून दिसावा तशा. मी रंगात आलो. त्या फ्रेंच माणसाची गोष्ट सांगितली. बायकोच्या हुंड्यावर त्याचं संशोधन चाललं, आणि पुढं तीच मुलींना घेऊन वेगळी झाली. मायलेकी बेवारशी कुत्री सांभाळत राहिल्या. "तेव्हा बाबांनो, संशोधन करायचं तर आधी बायकोला विचारा," मी म्हणालो. वर्ग हसला. मीही हसलो. माझा हात कुत्र्याच्या उबदार पोटावर होता.

संध्याकाळी घरी आलो तर बायको हातात नवा पट्टा घेऊन दारात उभी.

"अहो, वाटेत कुठं दिसलं का ते? सकाळी म्हटलं नाही का मी, साकूया म्हणून?"

साकु म्हणजे पाळणंही. पाळूया, असं म्हणाली होती ती.

"गेलं असेल कुठं तरी. येईल."

"गेट मीच उघडं टाकलं असणार," ती पुटपुटली. मायलेकी गल्लीगल्लीतून हाका मारत फिरल्या. त्यांच्या मागून मीही हाका मारत होतो.

मुलगी कितीतरी दिवस आईशी धड बोलली नाही. बायको अजून जेवता जेवता उठून कडी बघून येते. परवा मुलगी सर्जापूर रोडवरच्या तिच्या घरून आली होती. ताटावर बसल्या बसल्या म्हणाली, "आई, गेट बघितलंस ना? नाहीतर अण्णाही जायचे निघून!" बायको हसली, आणि खरंच उठली.

मिक्सरचा आवाज मोठा होता, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे शेवटचा 'या' मला ऐकू आला होता.

तिनं गेट नीट लावलं होतं. कडी मी काढली. एवढं तिला, मुलीच्या देखत, तोंडानं सांगण्याचं देणं माझ्याकडे आहे. ते मी अजून दिलेलं नाही.