दारावरचं पापलेट

आश्विन वद्य नवमी. हवा कोरडी, ऊन कडक, खाडीकडून अधूनमधून वारा. हवेची नोंद आधी करून ठेवतो, कारण पुढे माझी जी काही शोभा झाली, तिचं खापर मी बरेच दिवस हवेवरच फोडत होतो. तुम्ही ऐका आणि ठरवा.

गावातल्या मंडळाने त्या वर्षी आकाशकंदिलांची स्पर्धा ठेवली होती. एक लहानांचा गट, एक मोठ्यांचा. त्याच्या आदल्याच महिन्यात मी त्याच मंडळात पालकांपुढे भाषण ठोकलं होतं. मुलांच्या हातात कागद द्या, कात्री द्या आणि आपण बाजूला बसा. टाळ्या चांगल्या पडल्या. बाजूला बसणं किती अवघड असतं, एवढंच भाषणात सांगायचं राहिलं.

आमची सुमी नऊ वर्षांची. दिवाळीला दारावर दरवर्षी मी केलेला कंदील लागतो. यंदा आपला लागावा, असं तिने मनात घेतलं होतं. मी म्हणालो, बक्षीस आण, लावू.

ती अंगणात बांबूच्या काड्या आणि पतंगी कागद घेऊन बसली. मी भाषणात सांगितल्याप्रमाणे बाजूला बसलो. थोड्या वेळाने काड्यांना एक लांबट, गुबगुबीत आकार यायला लागला.

“हे काय गं?”

“पापलेट.”

आता आमच्या घरात अंडंसुद्धा मागच्या दाराने येत नाही. पण कल्पकता म्हणजे कल्पकता. मी गप्प बसलो. निदान चहा संपेपर्यंत.

मग म्हटलं, एवढी एक काडी सरळ करून देतो. ती सरळ केल्यावर शेजारची वाकडी दिसायला लागली. तीही केली. सगळ्या काड्या सरळ झाल्यावर मासा कसा राहणार? शेपूट गेलं, पर गेले आणि दिवेलागणीपर्यंत पट्टी लावून आखलेला षट्कोनी कंदील तयार झाला. पतंगी कागद फाटतो म्हणून मी त्याला पुठ्ठ्यासारखा जाड कागद लावला आणि वर खळ सढळ हाताने फासली.

सुमी शेजारी उभी राहून बघत होती. “बाबा, यात माझं काय राहिलं?”

“नाव,” मी म्हणालो.

सौभाग्यवती आतून आल्या. माझं झालं असेल तर उरलेली खळ हवी आहे, एवढंच बोलल्या. कागदाचे कपटे आणि मी टाकलेल्या वाकड्या काड्या त्यांनी गोळा करून आत नेल्या. मला वाटलं, केर काढताहेत.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाता जाता मी तो कंदील लहानांच्या गटात सुमीच्या नावाने देऊन आलो. संध्याकाळी सुमीला घेऊन निकालाला गेलो तेव्हा सगळे कंदील पेटवलेले होते. म्हणजे माझा सोडून. तोही पेटवलेला होता, पण ते खाली वाकून पाहिल्यावर कळत होतं. शिवाय खळ वाळताना कागद आखडला होता आणि षट्कोन पिळलेल्या धोतरासारखा दिसत होता.

परीक्षक होते चित्रकलेचे मोझेस मास्तर. त्यांनी माझा कंदील फिरवून पाहिला आणि सगळ्यांना दाखवला. “हे खरं मुलाचं काम. एक बाजू धड नाही. बापाने हात लावला असता तर असं झालं असतं का? याला उत्तेजनार्थ द्या.”

पट्टी माझ्या खिशातच होती.

मग मोठ्यांच्या गटातला पहिला नंबर जाहीर झाला. नाव माझं! मी तर त्या गटात काहीच दिलेलं नव्हतं. वर पाहिलं, तर पापलेट. कपट्यांवर कपटे चिकटवून केलेले खवले, मागून दिव्याचा उजेड, वाऱ्यावर हलणारं शेपूट. मासळीबाजारातली येसूबाई रिकामी पाटी घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, “माज्या पाटीतल्यापरीस ताजा हाय.”

मी सुमीला बाजूला घेतलं.

“एका माणसाचा एकच कंदील घेतात,” ती म्हणाली. “माझं नाव तुम्ही वापरलंत. तुमचं रिकामं होतं.”

तेवढ्यात मास्तरांनी मला पुढे बोलावलं. समोर सगळी आळी बसलेली, पहिल्याच रांगेत आमचे भटजी.

“लेले, एक विचारतो. तुम्ही पापलेट इतक्या जवळून पाहिलंत कुठे?”

भटजीही उत्तराची वाट पाहायला लागले. मी खिशातली पट्टी आणखी आत ढकलली. मास्तरांना वाटलं, मी लाजतो आहे. “बरं, ते राहू द्या. शेपूट हलतं कसं, तेवढं सांगा.”

मी सुमीकडे पाहिलं. तिने सांगितलं. शेपटाला दोऱ्याची बिजागरी कशी केली ते सांगितलं, काड्या कुठून मिळाल्या ते सांगितलं, आणि कोणी न विचारता माझ्या पट्टीचंही सांगितलं.

मास्तरांनी दोन्ही कंदिलांवरच्या चिठ्ठ्या काढल्या, अदलाबदल केली आणि कंदील आपापल्या गटात ठेवले. लहानांच्या गटात पहिला नंबर सुमन लेले. मोठ्यांच्या गटात उत्तेजनार्थ बक्षीस नव्हतं.

लक्ष्मीपूजनाला आमच्या दारावर पापलेट लागलं. माझा कंदील न्हाणीघराबाहेर लावला, पिळलेली बाजू भिंतीकडे करून.