एकाच डिस्कवर सगळं

"कर्नल पॅनिक," मोकल सरांनी स्क्रीनवरचे शब्द मोठ्यानं वाचले. "मॅडम, आता हे कोण घाबरलं?"

रोह्याच्या त्यांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये माझी ही सलग दुसऱ्या दिवशीची फेरी होती. ड्राइव्हमध्ये माझी दुसरी डीव्हीडी फिरत होती. पहिली आदल्या दिवशीच फुकट गेली होती.

मी पेणला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. वीस वर्षं झाली, तरी नवीन गिऱ्हाईक अजून दारात उभं राहून विचारतं, "साहेब कुठं हायत?" मोकल सर जुने, ते तसं विचारत नाहीत. लॅब त्यांच्या मालकीची. रक्त तपासायचं काम मात्र शुभांगीताई करतात. पन्नाशीच्या पुढच्या, कमी बोलणाऱ्या.

लॅबमध्ये रक्तातल्या पेशी मोजणारं एक मशीन आहे. नमुना लावला की मिनिटभरात प्लेटलेटचा आकडा देतं. ते चालतं एका जुनाट पीसीवर आणि त्याचं सॉफ्टवेअर फक्त जुन्या विंडोजवर. सोमवारी सकाळी त्या पीसीचं विंडोज चालू होईना. हार्ड डिस्क खराब होत आली होती. मशीनची कॅलिब्रेशन फाइल, म्हणजे मशीन ज्या मापावर मोजतं ते माप, त्याच हार्ड डिस्कवर. ती गेली तर मशीन आकडे देईल, पण खरे नाही. आणि त्या मॉडेलची सर्व्हिस कंपनीनं कधीच बंद केलेली.

हार्ड डिस्क काढून दुसऱ्या पीसीला जोडावी, तर ती जुन्या रुंद पट्टीच्या केबलची. माझ्याकडच्या कन्व्हर्टरनं तिला ओळखच दिली नाही. उरला एक मार्ग. सीडी किंवा डीव्हीडीवरून लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम, चालू करायचं, कारण ते हार्ड डिस्कला हात न लावता चालतं. फाइल बाहेर काढायची. मग नव्या हार्ड डिस्कवर जुनं विंडोज टाकायचं. पेनड्राइव्हवरून चालू होणं त्या पीसीला माहीतच नव्हतं.

एवढंच करायचं होतं. पण सर म्हणाले, "आता बनवताच आहात तर एकाच डिस्कवर सगळं टाका. ह्याचं जुनं विंडोज, रिसेप्शनच्या पीसीचं नवं विंडोज, ते लिनक्स पण. परत काय झालं तर तुम्हाला पेणवरून यायला नको."

याला मल्टीबूट म्हणतात. डिस्क लावली की मेनू येतो, त्यातून हवी ती सिस्टीम निवडायची. ऐकायला छान वाटतं. मी हो म्हटलं. नाही म्हणायला हवं होतं.

पावसाळा सरत होता आणि तापाची साथ होती. बाकड्यावर माणसं मावत नव्हती. नमुने बाहेर पाठवले तर रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येत होते. म्हणून शुभांगीताईंनी कपाटातून चौकटी आखलेली काच काढली, मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि पेशी डोळ्यांनी मोजायला घेतल्या. एका हातात अंगठ्यानं दाबायचा काउंटर. टक, टक, टक. मी मागं बसून डिस्कशी झगडत होते आणि तो आवाज माझ्या डोक्यात जात होता.

पहिली डिस्क मी पेणला बनवली, दुकानातल्या पीसीवर चालवून बघितली आणि सोमवारी दुपारी एसटीनं रोह्याला आणली. मेनू आला. लिनक्स निवडलं. ओळ आली की हे कर्नल चौसष्ट बिटवाल्या प्रोसेसरसाठी आहे, तुमचा तसा नाही. कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा. जुने पीसी बत्तीस बिटचे असतात, त्यांना त्यांचंच लिनक्स लागतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. डोक्यात आलं नाही. माझ्या दुकानातला पीसी नवा, त्यानं काही कुरकुर केली नव्हती.

"म्हणजे परत पेण?" सरांनी विचारलं.

"परत पेण."

मंगळवारी दुसरी डिस्क. बत्तीस बिटवालं लिनक्स टाकलं. रिसेप्शनसाठी चौसष्टवालंही ठेवलं, सरांना सगळं हवं होतं ना. तिथंच माती खाल्ली. दोन्ही लिनक्सच्या फोल्डरचं नाव एकच, 'लाइव्ह', आणि आतल्या मुख्य फाइलचं नावही एकच. कॉपी करताना एकीवर दुसरी चढली. एका घरात दोन गणपत असावेत, हाक एकाला मारावी आणि दुसऱ्यानं ओ द्यावी, तसं झालं. बत्तीसच्या कर्नलला चौसष्टची फाइल मिळाली आणि त्यानं हात वर केले. तेच ते कर्नल पॅनिक. निघायच्या घाईत मी मेनूतली पहिलीच ओळ तपासली होती. दुसरी तपासली असती तर पेणलाच कळलं असतं.

त्याच वेळी निडीची एक बाई सासूला घेऊन बसली होती. सासूचं अंग तापानं फणफणलेलं. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ प्लेटलेट बघायला सांगितलं होतं. सकाळी तिचा नवरा आईला आणून रक्त देऊन गेला होता.

"मशीन बंद हाय म्हनतात," ती म्हणाली. "मग कसा कळायचा?"

"बस गो. मी मोजते," शुभांगीताई म्हणाल्या.

त्यांनी मोजलं. थांबल्या. पुन्हा नवी काच लावून मोजलं. मग उठून स्वतः डॉक्टरांना फोन लावला. "सकाळपेक्षा निम्म्यावर आलेत. दोनदा बघितलं मी. होय, हातानंच." पलीकडून बरंच काही विचारलं गेलं असावं. त्या एवढंच म्हणाल्या, "माझा आकडा बरोबर आहे." तासाभरात त्या म्हातारीला पनवेलच्या हॉस्पिटलला हलवलं.

मी मान खाली घालून ड्राइव्हमधून डिस्क काढली. मला स्वतःचाच राग येत होता.

बुधवारी तिसरी डिस्क. फोल्डर वेगळे, मेनूतले रस्ते दुरुस्त, प्रत्येक ओळ पेणला दोनदा चालवलेली. रोह्याला मेनू आला, लिनक्स सुरू झालं आणि अर्ध्यावर अडकलं. रीड एरर, म्हणजे ड्राइव्हला डिस्क वाचता येईना. पुन्हा लावली, पुन्हा तिथंच. मी केबल बदलली, रॅम काढून पुसून बसवली. मोकल सर दर दहा मिनिटांनी येऊन "किती झालं?" विचारत होते. शेवटी मी म्हटलं, "सर, तुम्ही विचारलंत म्हणून ते लवकर होत नाही."

मायक्रोस्कोपवरून डोळे न उचलता शुभांगीताईंनी विचारलं, "त्या ड्राइव्हला लेन्स असते ना?"

"असते."

"कधी पुसलीये कोणी?"

त्यांनी लेन्स पुसायचा कागद दिला. मी ड्राइव्ह उघडला. लेन्सवर धुळीचा थर होता. पुसल्यावर लिनक्स आणखी थोडं पुढं गेलं आणि पुन्हा अडकलं. ड्राइव्ह म्हातारा झाला होता. डिस्कचा आतला भाग वाचत होता, काठाकडे गेला की दमत होता. आणि मी सगळं टाकायच्या नादात डिस्क काठापर्यंत भरली होती.

तेव्हा मी जे सोमवारी करायला हवं होतं ते केलं. बाजारात एका झेरॉक्सवाल्याकडे धूळ खात पडलेल्या कोऱ्या सीडी मिळाल्या. रिसेप्शनच्या पीसीला सीडी लिहिणारा रायटर होता. एका सीडीवर फक्त बत्तीस बिटचं छोटं लिनक्स, सगळ्यात कमी स्पीडला लिहिलं. मेनू नाही, काही नाही. पहिल्या फटक्यात चालू झालं. कॅलिब्रेशनची फाइल शाबूत होती. जुन्या विंडोजची आणि मशीनच्या सॉफ्टवेअरची अशा मूळ सीडी तर लॅबच्याच कपाटात निघाल्या; नव्या हार्ड डिस्कवर दोन्ही टाकलं. दुपारी तीनला मशीन सुरू झालं.

शुभांगीताईंनी सकाळी हातानं मोजलेले पाच नमुने मशीनला लावले. आकडे जवळजवळ तेच आले. त्यांनी कागद बघितला, "चालेल" म्हणाल्या, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा चष्मा काढून डोळे मिटून बसल्या.

तेवढ्यात निडीची ती बाई हॉस्पिटलला द्यायला जुन्या रिपोर्टांच्या झेरॉक्स घ्यायला आली. सासू पेज प्यायला लागली होती.

"तुमीच मशीनवाल्या ना?" ती मला म्हणाली. "लय उपकार झालं."

"माझं मशीन तेव्हा बंदच होतं," मी म्हटलं. "ते यांनी मोजलं."

निघताना सर म्हणाले, "मॅडम, ती सगळं एकत्रवाली डिस्क सवडीनं नीट करून द्या हां."

त्याऐवजी मी तीन वेगळ्या डिस्क दिल्या. मार्करनं नावं लिहून, तिन्ही लॅबच्या ज्या-त्या पीसीवर त्यांच्यासमोर चालवून दाखवल्या. डिस्क ज्या पीसीसाठी असते, तिची परीक्षा त्याच पीसीवर होते. पेणला पास झालेली डिस्क रोह्याला उपयोगाची नसते.