पहिल्या वाक्यावर अडलेले भाऊजी

माझ्या भाऊजींच्या तावडीत सापडलेली कुठलीही गोष्ट, एक सोडली तर, आजवर आमच्यासमोर शेवटाला पोचलेली नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लहानपणी इथे गंगेकाठी ब्रह्मा घाटावरच्या वेदशाळेत शिकले, पुढे कॉलेजात साहित्य शिकवून निवृत्त झाले, आणि दोन्हीकडच्या खोडी बरोबर घेऊन आले. वेदशाळेत ऋचेतले शब्द सुलटे, उलटे, पुन्हा सुलटे म्हणतात ना, तशी ते कथा वाचतात. दर शनिवारी दुपारी रामघाटावरच्या त्यांच्या घरी जुन्या मराठी कथांचं वाचन असतं. श्रोते तीन: शिंदे घाटाकडचे एक गुरुजी, रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आणि बँकेतून नुकताच सुटलेला मी. भाऊजी पहिलं वाक्य वाचतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "आता यात समाज कुठे आहे?" मग तो समाज सापडेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही.

बरं, हे घरापुरतं असतं तरी चाललं असतं. एकदा आम्ही नावेतून अस्सीकडे निघालो होतो. मध्येच भाऊजींना आठवलं, की नावाड्यावरच्या एका कथेत नाव कुणाच्या मालकीची हे लेखकाने सांगितलेलंच नाही. लगेच आमच्या नावाड्याला प्रश्न: "भइया, ई नाव केकर हौ?"

"मालिक क," तो म्हणाला.

"बघितलंस!" भाऊजींनी माझ्या मांडीवर थाप मारली. "लेखकाला बारा पानांत जमलं नाही ते याने दोन शब्दांत सांगितलं!"

नाव अस्सीला लागली तरी यांचे प्रश्न संपेनात. मालक कुठल्या गल्लीत राहतो, त्याने कधी वल्हं हातात धरलंय का, त्याच्या मुलाला पोहता येतं का. शेवटी नावाड्याने हात जोडले. "गुरुजी, पहिले उतर जाइए, सवारी खड़ी है।" मला तर तोंड कुठे लपवू असं झालं.

हेही मी हसण्यावारी नेलं असतं, पण ताईचं काय? ताईला काचबिंदू. छापील अक्षर दिसेनासं होऊन दोन वर्षं झाली. तिला गोष्टींचं भारी वेड. आता भाऊजी वाचतील तेवढीच गोष्ट तिची, तीही आमच्यासाठी साबुदाणावडे तळता तळता स्वयंपाकघरातून ऐकलेली. गेल्या हिवाळ्यात एक कथा सुरू झाली. घरातली सगळी लग्नाला गेली आणि काकी घर राखायला मागे राहिली. झालं! त्या 'राखायला'वर चार शनिवार गेले. कुणी ठरवलं? काकीला विचारलं का? किल्ल्या कुणाच्या कमरेला? चौथ्या शनिवारी निघताना ताईने मला दाराशी गाठलं.

"काय रे, ती काकी शेवटी गेली का लग्नाला? एक तरी गोष्ट मला पूरी ऐकव रे बाबा."

माझं टाळकं सटकलं. पुढच्या शनिवारी बसल्या बसल्याच सांगून टाकलं, "भाऊजी, आज मध्ये थांबलात तर हे पुस्तक गंगेत सोडीन. ताईला शेवट ऐकायचाय."

भाऊजींचा चेहरा उतरला. "ती मला कधी बोलली नाही."

"तुम्ही विचारलंत कधी?"

त्यांनी वाचायला घेतलं. ताई गॅस बंद करून उंबऱ्याशी येऊन बसली. वीस मिनिटं भाऊजी एकदाही थांबले नाहीत. पेन्सिल तेवढी बोटांत वळवळत होती. काकी काही लग्नाला जात नाही. रिकाम्या घरात दाराला टेकून ती पोटभर रडते, आणि कथा संपते. गुरुजींनी उपरण्याने डोळे पुसले.

"हे खोटं आहे," ताई म्हणाली. "घर रिकामं झाल्यावर बाई रडेल कशाला? आधी आराम से झोपेल."

भाऊजींनी चष्मा कपाळावर चढवला. इतकी वर्षं कॉलेजात त्यांनी हीच कथा शिकवली होती. त्यांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "तू झोपलीयस कधी अशी?"

"आपलं घर रिकामं कधी असतं?" ताई सहज म्हणाली आणि वडे तळायला आत गेली. त्या दिवशी भाऊजींनी चर्चा घेतली नाही.

तेव्हापासून वाचन घाटाच्या पायऱ्यांवर भरतं. वडे बंद. डोक्यावर ऊन, बुडाखाली तापलेला दगड, आणि भाऊजी एकेका वाक्याला पूर्वीच्या दुप्पट वेळ लावतात. तीच गोष्ट त्यांनी सकाळी ताईला न थांबता वाचून दाखवलेली असते, हे मला तिच्याकडूनच कळलं. म्हणजे शेवट तिला ठाऊक, आम्हालाच नाही. परवा पाय आखडले म्हणून वैतागून उठलो. "पाच वाजले भाऊजी, चला आता घरी."

त्यांनी मान वर करून घराच्या बंद खिडकीकडे पाहिलं आणि हात धरून मला खाली बसवलं. "थांब जरा. अजून झोपली असेल."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्या माणसाचा राग आला नाही. मी मुकाट्याने पाय दुमडले, आणि भाऊजींनी पहिलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.