चार पोपट, चार पोरं

लहान मुलांना घेऊन लांबच्या प्रवासाला कसं जावं हे अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकाच माणसाला कळतं, असं त्या माणसाचं स्वतःचं ठाम मत होतं, आणि हे गृहस्थ माझे साडू होते. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला बदलापुरात हेंद्रेपाड्याला आणि उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये बारा मशिनींचा जीन्स शिवायचा कारखाना. सिंधी व्यापाऱ्यांत ऊठबस करून 'साईं' हा शब्द त्यांच्या तोंडात इतका बसला होता, की ते बायकोलाही साईं म्हणत आणि माझ्या आईलाही. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते घरातल्या घरात मुलीला कमरेला नाडी बांधून फिरवत होते. मी तोंडात बोट घातलं. ते म्हणाले, "पोरं आणि नव्या पँटी एकसारख्या, साईं. गठ्ठा बांधला नाही तर पसरतात." तेव्हापासून मी जो थक्क व्हायला लागलो तो होतोच आहे.

ज्या वर्षी त्यांनी जुनी व्हॅन घेतली, त्या वर्षीच्या मे महिन्यात दोन्ही घरांनी मिळून अलिबागला जायचं ठरलं. आम्ही चौघं, ते चौघं. त्यात पोरं चार: त्यांची दोन, माझी मुलगी आणि सगळ्यांत धाकटा माझा साडेतीन वर्षांचा सम्यक. दुसरा कोणी असता तर डबे भरून निघाला असता. साडूंनी आधीच्या रविवारी चक्क तालीम ठेवली. आम्हाला विठ्ठलवाडीहून सामानासकट बोलावून घेतलं, गाडीत बसवलं आणि हेंद्रेपाड्यालाच सात फेऱ्या मारल्या. कोणाला कितव्या फेरीला मळमळतं ते वहीत लिहून त्याप्रमाणे जागा ठरवल्या. मला तिसऱ्याच फेरीला मळमळलं, म्हणून मान खाली घालून मी पुढच्या सीटवर गेलो. गॅलरीत उभ्या असलेल्या एका आजींनी पाचव्या फेरीला विचारलं, "अजून गेला नाहीत का रे?"

त्यांचे नियमही ऐकणाऱ्याला धडकी भरावी असे. गाडी चालू असताना पोरांनी बोलायचं नाही, त्यानं चालवणाऱ्याचं लक्ष जातं. काही सांगायचंच असेल तर हात वर करायचा. आणि वाटेत कोणी कुठेही 'सू आली' म्हणू नये म्हणून त्यांनी महिनाभर पोरांना शिट्टीची सवय लावली होती. शिट्टी वाजली की चौघांनी एका रांगेत उभं राहून उरकायचं. बदलापुरात ही योजना झकास चालली. खोपोलीच्या चौकात मात्र वाहतूक हवालदारानं समोरच्या ट्रकला अडवायला शिट्टी मारली आणि मागच्या गादीवर चौघांनीही आज्ञा पाळली. साडू जराही रागावले नाहीत. "सवय पक्की झालीय," ते अभिमानानं म्हणाले, आणि डिकीतून चार कोऱ्या पँटी काढल्या.

या पँटी त्यांनी खास शिवून घेतल्या होत्या. प्रत्येकीच्या मागच्या खिशावर लाल दोऱ्यानं भरलेला पोपट. गर्दीत पोरं मागून दिसतात, पुढून नाही, हा त्यांचा सिद्धांत. म्हणून ते कधी तोंडं बघायचे नाहीत, पाठमोरे पोपट मोजायचे. चार पोपट, चार पोरं, चला. आमच्या बायकांनाही हे इतकं पटलं, की आपलं पोर आपण बघायचं असतं हेच आम्ही सगळे विसरलो. अति तिथे माती म्हणतात ते उगाच नाही.

वडखळला आम्ही जेवायला थांबलो. सुट्टीचे दिवस, हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. जेवण झाल्यावर बायका नळावर डबे धुवायला गेल्या, मी पान खायला गेलो. साडूंनी पोरं गाडीत चढवली. एक बाकावर पालथं पडून झोपलं होतं, त्याला त्यांनी अलगद उचलून गादीवर तसंच पालथं ठेवलं आणि ऊन लागू नये म्हणून तोंडावर रुमाल टाकला. पोपट मोजले. चार. निघालो.

पोयनाडच्या अलीकडे मी सहज मागे वळलो, तर साडूंची थोरली लेक हात वर करून बसलेली. हात दुखतोय म्हणून दुसऱ्या हातानं धरून ठेवलेला.

"काय गं?" मी विचारलं.

"काका, हा आपला सम्यक नाही."

रुमाल बाजूला केला. खरंच नव्हता. कोणाचा तरी गोरा, गुबगुबीत, नाक वाहणारा मुलगा डोळे चोळत उठला, आमच्याकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. त्याच्या पँटीवर लाल पोपट. माझी बायको किंचाळली नाही. तिनं फक्त त्या पोराला उचलून छातीशी घट्ट धरलं आणि म्हणाली, "गाडी फिरवा." साडूंनी गाडी वळवली. "तीनशे पीस," ते पुटपुटले. "जास्तीचे तीनशे पीस पेणच्या दुकानदाराला मीच दिले होते." मी आयुष्यात कोणाला मारलेलं नाही. त्या क्षणी मारलं असतं, पण गाडी तेच चालवत होते.

परत पोहोचलो तोवर गर्दी ओसरली होती. जिथे बसलो होतो तो बाक रिकामा होता. साडू धावत गल्ल्यावर गेले.

"आमचा पोरगा राहिलाय इथे. निळी जीन्स, मागे लाल पोपट."

"कपडे राहू द्या हो," मॅनेजर म्हणाला. "दिसायला कसाय पोरगा?"

साडूंनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. शेवटी बायकोच म्हणाली, "सावळा आहे. डाव्या भुवईवर खोक पडल्याची खूण आहे." तेवढ्यात आतल्या भटारखान्यातून एक आगरी बाई आली. तिनं सम्यकला कडेवर असं घट्ट धरलं होतं की बांगड्यांचे वळ त्याच्या मांडीवर उठले होते. रडून तिचे डोळे सुजलेले. तिचे घरचे टेम्पो घेऊन पेणच्या रस्त्याला शोधायला गेले होते. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या, दोघींच्या कडेवर दुसरीचं पोर, आणि कोणीच आधी सोडेना. मग त्या पोरांनीच आपापल्या आईकडे झेप घेतली. तिचा म्हातारा सासरा साडूंच्या अंगावर धावून आला. साडूंनी मान खाली घातली आणि म्हणाले, "मारा, बाबा." म्हातारा थांबला. "पोर आला ना," तो म्हणाला, "झाला मंग."

संध्याकाळी अलिबागला पोरं वाळूत खेळत होती. साडू लांब एकटेच बसले होते. दिवसभर मनात जुळवलेलं सगळं त्यांना सुनवायचं म्हणून मी गेलो.

"साडूभाऊ," मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "त्यानं विचारलं पोरगा कसा दिसतो, आणि मला सांगता येईना. सम्यकचं सोडा. माझ्या स्वतःच्या पोरांचं विचारलं असतं तरी आलं असतं का, कुणास ठाऊक."

त्यांना सुनवायचा हक्क मलाही नव्हता. कारण त्या गल्ल्यासमोर मीही उभा होतो. मी बाप होतो, आणि उत्तर बायकोनं दिलं होतं. भुवईवर खूण आहे, हे मी तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला कळलं होतं. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही, साडूंनाही नाही. मी नुसता त्यांच्या शेजारी बसलो.

आता साडू थकले आहेत, कारखाना भाड्यानं दिलाय. पण आमच्याकडे आले की पाणी प्यायच्या आधी ते दोन्ही मुलांना समोर बोलावतात आणि दोन्ही हातांत तोंड धरून बराच वेळ बघतात. सम्यक आता त्यांच्यापेक्षा वीतभर उंच झालाय. तो हसत हसत गुडघ्यात वाकतो. बायको, मुलगी सगळे हसतात. मी त्या वेळी साडूंच्या मागे जाऊन उभा राहतो आणि त्यांच्या खांद्यावरून मीही बघून घेतो.