जोड मशीन

चाचांना ग्रामोफोन दाखवायला नेणं म्हणजे पदरचा चहा पाजून अपमान करून घेणं. कप रिकामा होईपर्यंत ते मशीनकडे ढुंकूनही पाहत नसत. मग झाकण उघडून पेटीत नाक खुपसत, रेकॉर्ड न लावताच चावी भरून थाळीला कान लावत आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडत, "जोड हाय!"

जोड म्हणजे एकीची पेटी, दुसरीची मोटर, तिसरीचा भोंगा अशी जुळवलेली मशीन. अकोल्याच्या जुन्या शहरात चाचांचं घड्याळ-दुरुस्तीचं दुकान होतं. मी अमरावतीला कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला. मला या यंत्रांचं वेड, म्हणून दर रविवारी एस.टी.नं अकोला गाठायचो आणि बहुतेक वेळा तोंड पाडून परतायचो.

विकणाऱ्यासमोर तरी गप्प बसावं की नाही? एका दुकानात पितळी भोंगा पाहून मी हरखलो होतो. चाचांनी त्यावर नख घासलं. "हा मागच्या पोळ्याले बनला." दुकानदारानं आम्हाला दोघांनाही बाहेर काढलं.

"चाचा, हळू बोलता येत नाही का?"

"सच बोलाले कायचा हळू आवाज? अन् तू खुश होऊन पाहून राहिला, म्हनून तुले दिसत नाई. भोंगा सोड, स्क्रू पाह्य. जोड करनारा जुनी भोकं लाखेनं बुजवते."

त्या वर्षांत कपाशीनं सगळ्यांचाच दम काढला होता. खेड्यांतली बरी घरंही माळ्यावरचं सामान विकायला काढत होती. हिवरखेडहून निरोप आला, तसे आम्ही दोघं गेलो. तिथल्या अंगणवाडीताईंना वडिलांची मशीन विकायची होती. मुलीला नर्सिंगला घालायचं होतं. वडील शाळामास्तर. दर भीमजयंतीला ते मशीन अंगणात मांडत आणि सगळी वस्ती गाणी ऐकायला जमे.

मी झाकण उचललं. आतल्या पट्टीवर लाखेनं बुजवलेली चार भोकं. चाचांनी शिकवलेलं पहिल्यांदाच मला आपणहून दिसलं होतं. मी तोंड उघडणार, तोच ताईंनी विचारलं, "चाचा, बाबा म्हनत, हे अस्सल विलायती हाय. लोक हसत त्यायले. खरी हाय ना?"

चाचांनी चावी भरली. कान लावला. मी त्या आरोळीसाठी अंग चोरून बसलो.

"अस्सल हाय, बेटी," ते हळूच म्हणाले. "तुहे बाबा बराबर बोलत." मग माझ्याकडे वळून, "मांगते तेवढे दे."

दिले. एस.टी. स्टँडवर मात्र माझा तोल सुटला. "माझे इतके सौदे मोडलेत आणि आज? ती जोड होती!"

"मले मालूम हाय."

"मग काहून खोटं बोलले?"

"तिनं मशीनचं कुठं इचारलं? बापाचं इचारलं."

मी महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही. पुढच्या रविवारी लगेच त्यांनी ओरडायला सुरुवात केली होती, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. नंतर मीच गेलो, चहाही मीच पाजला, आणि नवी आणलेली मशीन जोड निघाली.

चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा ताई मुलीला घेऊन अमरावतीला माझ्या घरी आल्या. मुलगी नर्स झाली आहे, आजोबांची मशीन तिला पाहायची होती. माझ्याकडे तेव्हा आणखी एक संग्राहक बसले होते. त्यांनी सवयीनं झाकण उचललं, आत वाकले आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. "काका, अस्सलच हाय ना?"

मी ते झाकण पटकन खाली केलं, जवळजवळ त्यांच्या बोटांवरच. "अस्सल आहे," मी म्हणालो, आणि चावी भरायला घेतली.

भला माणूस. जन्मात एकदाच खोटं बोलला आणि ते निभवायचं काम माझ्या गळ्यात टाकून गेला.