तिसऱ्या पॉइंटचं पाणी

आधीच सांगतो, असले अनुभव वाचून मला हसू यायचं. "पाठीमागे कुणीतरी उभं होतं" वगैरे दिसलं की मी खाली कमेंट टाकायचो – राव, डोळे तपासून घ्या. त्यामुळे आता कुणी मला हसलं तर माझी तक्रार नाही. हसा, पण पूर्ण वाचा.

मी मूळचा परभणीकडचा, राहतो पिंपरीत. एका खाजगी लॅबमध्ये पाण्याचे सॅम्पल गोळा करायची नोकरी. चाकणच्या पुढे, कंपन्यांच्या मागून एक ओढा वाहतो. महिन्यातून एकदा तिथल्या तीन ठरलेल्या जागांवर जायचं, बाटल्या भरायच्या, मीटरने पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा, जाळी फिरवून काही जगतंय का बघायचं आणि फॉर्म भरायचा. दुसरा पॉइंट पुलाजवळ, तिथवर बाइक जाते. तिसरा त्याच्या खाली – काळा नाला ओढ्याला मिळतो त्याच्याही पुढे. तिथे काटेरी झुडपांतून घसरत उतरावं लागतं.

आता खरं बोलतो. मागे एका महिन्यात उन्हाने टाळकं तापलं होतं. मी पुलाजवळच दोन्ही बाटल्या भरल्या. एकीवर दोन नंबरचं लेबल, दुसरीवर तीनचं. झालं काम. रिपोर्ट अर्थातच बरा आला. तिसऱ्या पॉइंटच्या वर सखूकाकूंचं घर आहे, त्यांच्या दोन म्हशी. त्यांनी नंतर विचारलं होतं, "भाऊ, जनावरास्नी पाजू का ह्ये पानी?" मी बाइकवरूनच म्हणालो, "चालतंय काकू, रिपोर्ट चांगला आलाय."

पुढच्या महिन्यात गेलो तर दावणीला एकच म्हैस. "थोरली गाभडली," काकू म्हणाल्या, "आन् चार दिसात ग्येली. ही बी गाभण हाय. आज नीट बघून सांग रं लेकरा, हापसा लई लांब पडतो." काकू म्हशीचा कासरा धरून काठावर उभ्या राहिल्या आणि मी गमबूट चढवून खाली उतरलो. सकाळचे अकरा वाजले असतील. लख्ख ऊन.

पाणी नडगीपर्यंत. रंग काळपट, वास... जाऊ द्या. मीटर लावला – ०.२. म्हणजे मेलेलं पाणी. मासा तर सोडाच, बेडकाचं पिल्लूही तग धरणार नाही. लिहायला पेन काढला आणि पायाला काहीतरी बारीक टोचलं. मग दुसऱ्या पायाला. लहानपणी विहिरीत पाय सोडून बसलं की मासे चावतात ना, अगदी तसं. पण मी गुडघ्यापर्यंत रबरात होतो! खाली बघितलं, काही नाही. पाणी मात्र एकाएकी गारढोण पडलं. मीटरकडे बघितलं. दोन. चार. सात. इतक्या वर्षांत स्वच्छ झऱ्यालाही मी आठाच्या फार वर गेलेलं पाहिलं नाही. हा नऊ, अकरा, चौदा...

म्हटलं मशीन गंडलंय, निघू. तर पाय उचलेना. चिखलात रुततो तसं नाही हो, चिखल खाली ओढतो. हे चारी बाजूंनी दाबत होतं, वळवळत होतं. जिवंत. शेकडो. हातातली जाळी जड झाली, हिसके देऊ लागली. वर उचलली तर रिकामी – आणि तरी हिसके देतेय! लाज कसली त्यात, मी आईच्या नावाने बोंबललो.

काकूंनी कासऱ्याचं मोकळं टोक माझ्याकडे फेकलं. "घट धर! सोडू नगंस!" आणि म्हशीला हाकललं. त्या गाभण म्हशीने मला पोत्यासारखं फरफटत बाहेर काढलं.

गमबूट उपसले. मोजे कोरडे. नडग्यांवर लाल ठिपके, एकाला लागून एक. आणि डाव्या बुटातून बोटाएवढा मासा पडला. तडफडत होता.

"मुरी हाय ही," काकू वाकून म्हणाल्या. "मी लगीन हून आले तवा दिसायच्या या वड्यात." मग एकदम घाबरल्या. "सोड तिला. बिगीबिगी सोड."

मी तिला ओंजळीत घेऊन काठावरूनच टाकली. ती एकदा वळली, तीन-चार वेळा आ वासला आणि पोट वर करून तरंगायला लागली. मिनिटही गेलं नसेल.

काकू बघत राहिल्या. "ह्या पान्याला तू चालतंय म्हनलास?"

थाप मारता आली असती. पण सुचलीच नाही. म्हणालो, "काकू, मागच्या वेळी मी इथे उतरलोच नव्हतो. ते पाणी पुलाजवळचं होतं."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी म्हशीला वळवलं आणि घराकडे गेल्या.

मीटरच्या मेमरीत तो चौदाचा आकडा अजून आहे. लॅबमध्ये दोनदा तपासलं, मीटर ठणठणीत. फॉर्मवर मी ०.२ लिहिलं, जलचर – नाही. मागचा रिपोर्ट खोटा होता हेही लॅबच्या मॅडमना सांगितलं, नोकरी कशीबशी टिकली. डॉक्टर म्हणाले ठिपके ॲलर्जीचे. असतील. मग बुटातला मासा? तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर खरंच सांगा.

दर महिन्याला मी तिसऱ्या पॉइंटला जातो. भीती वाटते, तरी जातो. काकू आता लांबच्या हापशावरून कळशा वाहतात. माझ्याशी बोलत नाहीत. काठावर येऊन उभ्या राहतात फक्त, मी पाण्यात उतरतो की नाही ते बघायला.